दूरशिक्षणाने वाचा-चिकित्सा शिकता येईल काय?

लखनौ शहराची ख्याती त्याच्या इमारतींइतकीच त्याच्या बोलण्याच्या रीतीमुळे आहे. 'ज' आणि 'ज़' यांतील भेद पाळणारी, 'क़' चा उच्चार घशाच्या मुळाशी करणारी आणि वाक्य पुरे होण्याआधी समोरच्याचा मान राखणारी माणसे तेथे आजही भेटतात. अशा शहरात तीन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडू न शकणारे मूल, अथवा पक्षाघातानंतर समोरच्या पेल्याचे नाव ज्यांना आठवत नाही असे गृहस्थ, यांची अडचण अधिकच ठळकपणे जाणवते. त्यांना साहाय्य करणारा जाणकार तो वाचा-भाषाचिकित्सक होय. लखनौच्या मोठ्या रुग्णालयांतून असे चिकित्सक आहेत. परंतु सीतापूर, बहराइच, गोंडा वा हरदोई यांसारख्या जिल्ह्यांतील खेड्यांतून त्यांच्यापर्यंत पोचायचे तर कुटुंबाला प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च सोसावा लागतो. आणि वाचेचे उपचार एका खेपेत कधीच आटोपत नाहीत.

साहजिकच अशा जिल्ह्यांतील एखादी होतकरू मुलगी किंवा शाळेतील शिक्षक असा प्रश्न विचारतो, की हे शास्त्र घरी बसून, संगणकाच्या पडद्यावरून शिकता येणार नाही काय? आज इतर अनेक विषयांच्या पदव्या अशा रीतीने मिळतात. मग हीच का मिळू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी प्रथम या शास्त्राचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

शास्त्राचे स्वरूप

या विषयाला मराठीत अद्याप एकच एक रूढ नाव नाही. कोणी 'वाचोपचार' म्हणतात, कोणी 'वाक्‌चिकित्सा'. रुग्णालयाच्या दारावर बहुधा 'स्पीच थेरपी' अशी पाटी आढळते. या पाटीमुळे एक गैरसमज दृढ झाला आहे, तो असा की हे केवळ बोबडेपणा घालवण्याचे तंत्र आहे. वास्तविक त्याचा विस्तार बराच मोठा आहे. फुप्फुसातून येणारा श्वास, स्वरयंत्रात त्याचा होणारा नाद आणि जीभ, टाळू, दात, ओठ यांनी त्या नादाला दिलेला आकार, ही झाली वाचा. शब्दांचा साठा, त्यांची जुळणी, ऐकलेल्याचे आकलन आणि प्रसंग ओळखून बोलण्याची जाण, ही झाली भाषा. यांपैकी कोठेही बिघाड झाला तर त्याचा शोध घेणे व उपाय करणे हे या चिकित्सकाचे काम. तोतरेपणा, घोगरा वा बसलेला आवाज, दुभंगलेल्या टाळूमुळे नाकातून येणारा उच्चार, स्वमग्न मुलाची संवादातील अडचण हे सारे त्याच्या कक्षेत येते.

गिळण्याची क्रियाही याच शास्त्राचा भाग आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ज्या स्नायूंनी आपण बोलतो, त्यांतील बहुतेकांनीच आपण गिळतो. पक्षाघाताच्या रुग्णाने पाण्याचा घोट घेतला आणि ते अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसाचा दाह होऊन प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णाला काय, किती आणि कोणत्या स्थितीत भरवावे, हा सल्ला वाचा-भाषाचिकित्सक देतो. या एका उदाहरणावरूनही लक्षात येईल की अपुऱ्या शिक्षणाचे परिणाम येथे उच्चारदोषापुरते मर्यादित राहत नाहीत.

भारतातील शिक्षणाची परंपरा

आपल्या देशात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण साठ वर्षांपूर्वी सुरू झाले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्थेची स्थापना १९६५ साली झाली. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. या क्षेत्रातील व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना १९६७ साली स्थापन झाली. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे या शास्त्राच्या जडणघडणीत मराठी मुलुखाचा वाटा आरंभापासून आहे.

लखनौचा विचार केला तर तेथील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. आजच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे मूळ महाविद्यालय १९११ पासून चालू आहे. २००८ साली स्थापन झालेले डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वसन विद्यापीठ तर अपंग विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच उभारले गेले.

पदवी अभ्यासक्रम साधारणपणे चार वर्षांचा असतो. बारावीपर्यंत विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला त्यात प्रवेश मिळतो. तीन वर्षे अध्ययन आणि चौथे वर्ष रुग्णालये, शाळा व केंद्रे यांतून प्रत्यक्ष उमेदवारी, अशी त्याची रचना आहे. पदवीत श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषाशास्त्र हे दोन्ही विषय जोडीने शिकवले जातात. पुढे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी त्यांपैकी एक निवडतो.

एका मराठी माणसाने लखनौत दिलेले उत्तर

विद्या ग्रंथातून मिळते की गुरूच्या समोर बसून, हा वाद आपल्याकडे नवा नाही. लखनौच्या संदर्भात तर त्याचे एक बोलके उदाहरण आहे आणि ते एका मराठी माणसाचे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. हिंदुस्थानी संगीतातील शेकडो चिजा घराण्यांच्या कंठात बंद होत्या. भातखंडे यांनी त्या मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने मराठीतून प्रसिद्ध केल्या. ज्याला कोणी गुरू लाभला नाही, अशा माणसालाही रागाची ओळख करून देणारा तो मार्ग होता. आजच्या भाषेत बोलायचे तर ते संगीताचे दूरशिक्षणच होते.

परंतु भातखंडे तेवढ्यावर थांबले नाहीत. पुस्तके छापून झाल्यावरही त्यांना विद्यालयाची गरज भासली. १९२६ साली लखनौमध्ये मॅरिस संगीत महाविद्यालय उघडले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. तेच पुढे भातखंडे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आज त्याला विद्यापीठाचा दर्जा आहे. स्वर कागदावर लिहिता येतो; पण विद्यार्थ्याने लावलेला स्वर किंचित उतरला आहे हे कागद त्याला सांगू शकत नाही. त्यासाठी ऐकणारा जाणता कान समोर असावा लागतो. वाचा-चिकित्सेच्या शिक्षणातील अडचणही नेमकी हीच आहे.

पडद्यावरून काय शिकता येते

प्रथम जमेची बाजू पाहू. या विषयाचा बराच मोठा भाग ग्रंथांत व व्याख्यानांत मावणारा आहे. स्वरयंत्राची रचना, मेंदूची केंद्रे, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान, बालकाच्या भाषाविकासाचे टप्पे आणि संख्याशास्त्र हे सारे चांगल्या चित्रफितीवरून शिकता येते. कित्येकदा गर्दीच्या वर्गापेक्षा अधिक नीट शिकता येते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी, आकलन शाबूत असूनही बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या बाजूस पुढे इजा असल्याचे दाखवले, हा इतिहास समजण्यासाठी रुग्णालयात जावे लागत नाही. बोलताना स्वरतंतू कसे कंप पावतात हे मंदगतीच्या चित्रणात पाहिले म्हणजे जे समजते, ते फळ्यावरील आकृतीने समजणे कठीण. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' सारख्या योजनेमुळे उत्तम अध्यापकांची व्याख्याने कोणत्याही गावी पोचू शकतात. पदवी घेतलेल्या चिकित्सकाला नवे ज्ञान मिळवण्यासाठी तर हे साधन फारच सोयीचे आहे.

पडद्यावरून काय शिकता येत नाही

आता मर्यादांकडे वळू. पहिली मर्यादा कानाची आहे. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज वाहून नेला जात असे. 'स' या वर्णाचा सीत्कार बहुतांशी ४००० हर्ट्‌झच्या वर असतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोटाळा होई. आजची साधने पुष्कळ सुधारली असली तरी त्यांच्यातील गोंगाट गाळणारी यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. दीर्घकाळ एकसारखा लावलेला 'आ' अथवा आवाजातील श्वासाची फुसफुस हा गोंगाटच आहे असे समजून ती तो दाबून टाकू शकते. चिकित्सकाला मात्र नेमके तेच ऐकायचे असते. जो बिघाड ओळखायला शिकायचे, तोच वाटेत गाळला गेला तर विद्यार्थ्याचा कान तयार कसा व्हावा?

दुसरी मर्यादा हाताची. रुग्णाने गिळताना स्वरयंत्र किती व केव्हा वर उचलले जाते, हे चिकित्सक गळ्यावर बोटे ठेवून पाहतो. जिभेची एक बाजू दुबळी आहे काय, हे तिला गालाच्या आतून रेटायला सांगून व बाहेरून बोटाने विरोध करून ठरवतो. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाच्या नाकाखाली थंड आरसा धरून 'प', 'ब' म्हणायला लावतात. आरशावर वाफ जमली तर हवा नाकावाटे निसटते आहे असे समजते. ही कृती वाचायला दोन ओळी लागतात. पण ती नीट करण्यासाठी अनेक मुले पाहावी लागतात. रडणारे, हात झिडकारणारे, आरसा हिसकावून घेणारे मूल समोर असताना निरीक्षण करणे ही निराळीच विद्या आहे.

तिसरी मर्यादा या दोहोंहून महत्त्वाची आहे. शिकाऊ माणसाची चूक त्याच क्षणी दुरुस्त करणारा ज्येष्ठ जवळ असावा लागतो. पाण्याचा घोट दिल्यावर रुग्ण खोकला नाही, म्हणजे सर्व ठीक आहे असे नवशिक्या समजतो. कित्येक रुग्णांत श्वासनलिकेत पाणी जाऊनही खोकला येत नाही, हे अनुभवी चिकित्सक जाणतो. तो शेजारी उभा असेल तर दुसरा घोट थांबतो.

भाषेचा प्रश्न

शिक्षण कोठे घ्यावे याचा विचार करताना आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. शरीररचना सर्वत्र एकच असते. भाषा तशी नसते. मराठी मूल 'मूळ' या शब्दाऐवजी 'मूल' म्हणत असेल तर अर्थ बदलतो, आणि ठराविक वयानंतर तो उच्चारदोष ठरतो. लखनौच्या हिंदीत 'ळ' हा वर्ण वापरातच नाही. तेव्हा तेथील उच्चार-चाचणीत तो असणार नाही. मराठीत 'जग' हा शब्द विश्व या अर्थी एका प्रकारच्या ज-ने आणि 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थात दुसऱ्या प्रकारच्या ज-ने उच्चारला जातो; लिपीत मात्र दोन्हींचे रूप एकच. केवळ लिखित शब्दसूचीवरून परीक्षा घेणाऱ्याला हा भेद कळणारच नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. पुण्याहून वा नागपूरहून लखनौला गेलेल्या विद्यार्थ्याने एखादे अवधी मूल 'श' च्या जागी 'स' उच्चारताना ऐकले, तर तो दोष आहे अशी नोंद करण्याचा मोह त्याला होईल. पण अवधी बोलीत 'श' चा 'स' होणे ही बोलीचीच रीत आहे. त्या मुलाची आई व आजीही तसेच बोलतात. बोलीतील भेद आणि वाचेतील विकार यांतील सीमारेषा ओळखणे हे या शास्त्राचे एक मूलभूत कौशल्य मानले जाते. ते त्या भाषेच्या माणसांत वावरल्यावाचून येत नाही. इंग्रजीत 'प' आणि 'फ' यांच्यातील महाप्राणाचा भेद अर्थ बदलत नाही. आपल्या भाषांत 'पळ' आणि 'फळ' हे भिन्न शब्द आहेत. इंग्रजी मुलांवर प्रमाणित केलेली चाचणी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावली तर निष्कर्ष चुकणार हे उघड आहे.

परदेशी पदव्या

अमेरिकेत या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, आणि काही विद्यापीठे ती ऑनलाइन देतात हे खरे आहे. त्यांच्या जाहिराती आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही पाहण्यात येतात. परंतु तेथेही ऑनलाइन असते ते मुख्यतः व्याख्यान. १९२५ साली स्थापन झालेल्या तेथील व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र हवे असेल तर ४०० तासांचा चिकित्सानुभव दाखवावा लागतो. त्यांपैकी २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ तास रुग्णांसह प्रत्यक्ष कामाचे असतात. यांतील काही तास संगणकावरील कृत्रिम रुग्णांवर भरून काढता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. शिक्षण संपल्यावर पुन्हा किमान ३६ आठवड्यांची देखरेखीखालील नोकरी असतेच. म्हणजे ज्या देशाने ऑनलाइन पदवी रूढ केली, त्यानेही रुग्णाशी येणारा संबंध पदवीतून वगळलेला नाही. लखनौत बसून अशी पदवी घेऊ इच्छिणाऱ्याने हे तास कोठे, कोणाच्या देखरेखीखाली भरायचे, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारला पाहिजे.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात या व्यवसायाचे नियमन भारतीय पुनर्वसन परिषद करते. यासंबंधीचा अधिनियम १९९२ साली संमत होऊन १९९३ मध्ये अंमलात आला. परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून पात्रता मिळवणाऱ्याचे नाव केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत दाखल होते, आणि अशी नोंद असलेल्यासच हा व्यवसाय करण्याचा अधिकार आहे. नोंदीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वाचा-श्रवणशास्त्राची पदवी ही पूर्णवेळ, प्रत्यक्ष उपस्थितीची पदवी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या २०२० च्या विनियमांनीही वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार यांसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम, तसेच संबंधित नियामक परिषदेची अनुमती नसलेले अभ्यासक्रम, या मार्गाने चालवण्यास मनाई केली आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून तर मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी निगडित अनेक विषयांना हा मार्ग बंद करण्यात आला. तेव्हा 'घरबसल्या वाचा-चिकित्सक व्हा' असे आश्वासन देणारे प्रमाणपत्र कितीही सुबक छापलेले असले, तरी त्यावर दवाखाना उघडता येत नाही. फी भरणाऱ्या कुटुंबाचे पैसे जातात. पण त्याहून मोठी हानी विद्यार्थ्याची जी दोन-तीन वर्षे गेली त्यांची असते.

मधला मार्ग

याचा अर्थ दूरशिक्षणाला या क्षेत्रात स्थान नाही असा होत नाही. म्हैसूरच्या संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात एक उद्‌बोधक प्रयोग केला. श्रवण, भाषा व वाचा या विषयांतील एका वर्षाची पदविका तिने अर्ध-दूरशिक्षण पद्धतीने देण्यास आरंभ केला. व्याख्याने म्हैसूरहून दृक्‌श्राव्य जोडणीने होत. विद्यार्थी मात्र घरी विखुरलेले नसत. ते मुंबई, अजमेर, जबलपूर, इंफाळ, पुदुच्चेरी यांसारख्या ठिकाणच्या रुग्णालयांत एकत्र बसत, आणि व्याख्यान संपले की त्याच रुग्णालयात, तेथील जाणकारांच्या नजरेखाली, रुग्णांवर काम शिकत. अध्यापक दूर, रुग्ण जवळ अशी ही योजना होती. या पदविकेने स्वतंत्र चिकित्सक तयार होत नाही, साहाय्यक तयार होतो. परंतु जेथे कोणीच नाही तेथे चिकित्सकाच्या मार्गदर्शनाखाली काम करणारा शिकलेला साहाय्यकही मोलाचा ठरतो.

लखनौमध्येही या मार्गाला पोषक अशी भूमी आहे. तेथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत १९९९ पासून दूरवैद्यकाचे कार्य चालू आहे. तज्ज्ञ एका गावी आणि रुग्ण दुसऱ्या गावी असताना चिकित्सा कशी करावी, याचा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे. २०२० च्या साथीत वाचेचे उपचारही देशभर पडद्यावरून करावे लागले. त्यातून असे दिसून आले की मूल एकदा प्रत्यक्ष तपासलेले असेल आणि आई वा वडील शेजारी बसून साथ देत असतील, तर पुढील सरावाचा पुष्कळसा भाग दुरून होऊ शकतो. बहराइचच्या कुटुंबाच्या चार खेपांपैकी तीन वाचल्या, तर ती लहान गोष्ट नव्हे.

प्रवेश घेण्यापूर्वी

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने फी भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव पुनर्वसन परिषदेच्या मान्यताप्राप्त सूचीत त्या वर्षासाठी आहे काय? पात्रता मिळाल्यावर केंद्रीय नोंदवहीत नोंद होईल काय, आणि कोणत्या पदनामाने? रुग्णांसह काम किती तास, कोठे व कोणाच्या देखरेखीखाली होईल? आणि ते काम कोणत्या भाषा बोलणाऱ्या रुग्णांमध्ये असेल? चारही प्रश्नांना स्पष्ट उत्तर न देणाऱ्या संस्थेपासून दूर राहणे इष्ट. ज्यांना पूर्णवेळ पदवी शक्य नाही, अशा शिक्षकांनी व पालकांनी ऑनलाइन पाठांतून भाषाविकासाचे टप्पे अवश्य शिकावेत. त्याने ते चिकित्सक होणार नाहीत. पण मूल बोलत नाही हे वेळेवर ओळखून त्याला श्रवणचाचणीसाठी नेतील.

वेळेवर या शब्दाला येथे विशेष अर्थ आहे. बालकाचा मेंदू भाषा सर्वांत सहजतेने आत्मसात करतो तो आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत. ऐकू न येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्र व उपचार पहिल्या वर्षात मिळणे आणि पाचव्या वर्षी मिळणे, यांतील अंतर पुढे कितीही परिश्रम केले तरी पुरते भरून येत नाही. ज्या गावात नीट शिकलेला चिकित्सक पोचत नाही, तेथे ही वर्षे निघून जातात. आणि जेथे अर्धवट शिकलेला पोचतो, तेथे ती चुकीच्या उपचारांत खर्च होतात. म्हणून लखनौच्या आसपासच्या त्या होतकरू मुलीला द्यावयाचे उत्तर असे, की पडद्यावरून जेवढे मिळेल तेवढे जरूर घ्यावे. मात्र शिक्षणाची काही वर्षे रुग्णालयात, ज्येष्ठ चिकित्सकाच्या शेजारी आणि रडणाऱ्या मुलाच्या समोर घालवण्याची तयारी ठेवूनच या व्यवसायात यावे.